इंजेक्शन पंपाची गळती आणि ‘बदलून टाका’चा सल्ला

डिझेल इंजिनाच्या फ्युएल इंजेक्शन पंपातून डिझेल गळू लागले की ‘पंप गेला, बदलून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी, मुरबे, डहाणूच्या बंदरातली बोट असो, बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतला जनरेटर असो, मनोर-बोईसर रस्त्यावरचा ट्रक असो की वाडा-विक्रमगडकडच्या भातखाचरातला ट्रॅक्टर असो, सल्ला बदलत नाही. त्याच्या समर्थनार्थ चार कारणे दिली जातात. पंप हा मायक्रॉनच्या मापाचा भाग आहे, तो दुरुस्त होत नाही. झालाच तर महिन्याभरात पुन्हा गळतो. हल्लीच्या डिझेलनेच जुने पंप खाल्ले आहेत. आणि दुरुस्तीची वाट पाहत इंजिन बंद ठेवण्यापेक्षा दुसरा पंप चढवणे स्वस्त पडते. यातले प्रत्येक कारण अर्धे खरे आहे, म्हणूनच ते खपते. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मांडला की बहुतेक गळत्यांत पंप बदलायचे कारणच उरत नाही, आणि ज्या थोड्या गळत्यांत तो खरोखर बदलावा लागतो त्या कोणत्या, हेही कळते.

पहिल्या कारणासाठी पंपाच्या रचनेकडे जावे लागते. रुडॉल्फ डिझेलच्या 1890च्या दशकातल्या इंजिनात इंधन फवारले जाई ते दाबलेल्या हवेच्या जोरावर, आणि त्यासाठी इंजिनाला अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे. असे इंजिन कारखान्यात आणि जहाजात चालले. ट्रकमध्ये त्याला जागा नव्हती. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने 1922 साली इंजेक्शन पंपावर काम सुरू केले, 1927 साली तो पंप घाऊक प्रमाणात तयार होऊ लागला, आणि लहान, वेगवान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. भारतात 1951 साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘मायको’, निघाली. पुढे नाशिकला तिचा नोजल-इंजेक्टरचा कारखाना आला. 2008 साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी जुना पंप मायकोचा पंप म्हणूनच ओळखला जातो.

या घराण्यातल्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी प्लंजर आणि बॅरल अशी एक जोडी असते. गॅरेजच्या भाषेत एलिमेंट. दोहोंमधली फट 2 ते 4 मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड भरतो. या फटीत रबर नाही, वॉशर नाही. धातूवर धातू आणि मध्ये डिझेलचा पातळ थर. दाब शेकडो बारचा होतो तो इथे, आणि तो इथेच अडवला जातो. पंपातल्या रबराच्या ओ-रिंगा, गॅस्केट, ऑइल सील आणि बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर यांचे काम वेगळे आहे. टाकीतून डिझेल आणणाऱ्या फिडपंपाकडून येणारे, जेमतेम एक-दोन बार दाबाचे डिझेल बाहेर पडू न देणे एवढेच त्यांच्याकडे असते. पंपावर ओल दिसते, थेंब लटकतो, खाली डबा ठेवावा लागतो, ती गळती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या भागांतून होते. त्या भागांचे किट काही शे रुपयांत येते आणि ते बदलताना एलिमेंटला हात लागत नाही, त्याच्या मापाला धक्का बसत नाही. मायक्रॉनचे कारण एलिमेंटला लागू आहे. ओ-रिंगेला लावले की ते कारण राहत नाही, सबब होते. गळती एका जागी आणि खर्च दुसऱ्या जागी, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून पंपाबद्दल निकाल देण्याआधी गळतीचा ठावठिकाणा लागला पाहिजे, आणि नेमके हेच काम टाळले जाते. डिझेल पसरणारे इंधन आहे. ते भिंतीवरून वर-खाली सरकते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते, आणि जिथे साचते तिथून गळल्यासारखे दिसते. इंजेक्टरवरची रबराची रिटर्न नळी चिरली की डिझेल हाय-प्रेशर पाइपवरून ओघळत पंपावर येते. फिल्टरच्या डोक्यावरचा बँजो सैल असला तरी पंपच ओला होतो. हाय-प्रेशर पाइपांना बांधणाऱ्या क्लिपा एखाद्या कामात काढून पुन्हा लावल्याच नाहीत, तर पाइप कंपनाने नटाजवळ चिरतो आणि दोष पुन्हा पंपावर येतो. या तिन्ही ठिकाणी पंप बदलला तर नव्या पंपावरही तेच डिझेल ओघळणार.

शोध घेण्याची रीत साधी आहे. पंप ब्रशने आणि स्वच्छ डिझेलने धुवायचा, पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि संशयाच्या जागांवर खडूची किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची. मग इंजिन आधी रिकामे आणि नंतर लोडवर चालवायचे. पावडर जिथे पहिल्यांदा काळवंडते तिथून गळती आहे. इंजिन बंद असताना हातपंप मारून पाहिले तर फक्त फिडपंपाच्या दाबाची गळती उघडी पडते; हातपंपावर कोरडे आणि चालू इंजिनावर ओले, असे असेल तर दोष हाय-प्रेशरच्या किंवा रिटर्न नळीच्या बाजूचा. उजेडासाठी टॉर्च पुरते. हाताने चाचपणी मात्र कधीही करू नये. चिरलेल्या पाइपातून निघणारी डोळ्याला न दिसणारी धार कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, वेदनाही फारशी नसते, आणि काही तासांत आतल्या पेशी मरू लागतात. ही मलमपट्टीची जखम नव्हे. शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयात तडक जावे लागते आणि आत डिझेल गेले आहे हे डॉक्टरांना सांगावे लागते. धार शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला लावून फिरवावा.

इनलाइन पंपात सर्वांत जास्त दिसणारी गळती डिलिव्हरी होल्डरच्या बुडाशी असते, म्हणजे पंपाच्या डोक्यावरच्या ज्या उभ्या सांध्यांना हाय-प्रेशर पाइप जोडलेले असतात त्यांच्या मुळाशी. तिथली ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, तिचा गोल छेद चपटा होतो आणि बाजूने डिझेल झिरपते. अशा वेळी पाना लावून होल्डर आणखी आवळण्याचा मोह होतो. पुष्कळ पंप खरे बिघडतात ते या एका कृतीने. ए-जातीच्या लहान पंपात होल्डर थेट बॅरलवर दाबून बसतो. तो मापाबाहेर आवळला की बॅरल किंचित वाकतो, प्लंजर जाम होऊ लागतो आणि त्याच्याबरोबर इंधनाचे प्रमाण ठरवणारा कंट्रोल रॅकही अडकतो. रॅक जास्त इंधनाच्या बाजूला अडकला तर फेऱ्या आवरणाऱ्या गव्हर्नरच्या हाती काही उरत नाही, आणि इंजिन सुसाट सुटते. झिरपणाऱ्या थेंबाची जागा फुटलेल्या इंजिनाने घेतली, असा हा व्यवहार होतो.

हीच जागा नीट दुरुस्त करायला इंजिनावरून पंप उतरवावाही लागत नाही. आधी आजूबाजूचा भाग धुऊन घ्यायचा, कारण होल्डर उघडताच कचरा आत पडायला रस्ता मोकळा होतो. पाइप काढून त्यांची तोंडे बंद करायची, होल्डरांना जोडून धरणारी लॉकपट्टी सोडायची आणि एका वेळी एकच होल्डर उघडायचा. आतून स्प्रिंग आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह येतो. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक ही एकमेकांत घासून बसवलेली जोडी असते. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या बैठकीत गेला की दोन्ही बिघडतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरचे भाग वेगळ्या वाटीत, स्वच्छ डिझेलमध्ये ठेवायचे. गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा कापसाचा बोळा इथे वर्ज्य. त्याचा एक धागा व्हॉल्व्हखाली अडकला तरी तो सिलिंडर मिस मारतो. नवी ओ-रिंग डिझेलमध्ये भिजवून, पीळ न पडता बसवायची, वॉशर नवा घालायचा आणि टॉर्क पान्याने आवळायचे. ए-जातीच्या पंपाला हा टॉर्क साधारण 40 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या पंपाच्या तक्त्यातूनच घ्यावा. एकदा आवळून सोडणे, पुन्हा आवळून सोडणे आणि मग अखेरचे आवळणे ही रीत वॉशर सारखा बसावा म्हणून आहे. प्रत्येक होल्डरनंतर रॅक बोटाने सरकवून पाहायचा. तो कुठेही न अडकता, स्वतःच्या वजनाने सरकेल इतक्या सहजतेने सरकला पाहिजे. अडकला तर काम तिथेच थांबवून तो होल्डर पुन्हा उघडायचा. मोठ्या पी-जातीच्या पंपात मात्र एक पथ्य आहे: एलिमेंटची फ्लँज धरून ठेवणारे नट सोडायचे नाहीत, कारण ती फ्लँज फिरवूनच प्रत्येक सिलिंडरचे इंधन सारखे केलेले असते.

जीप, पिकअप आणि लहान टेम्पोंवरचा व्हीई, म्हणजे डिस्ट्रिब्युटर पंप वेगळ्या घडणीचा आहे. त्यात एकच प्लंजर सगळ्या सिलिंडरांना इंधन वाटतो आणि पंपाची पोकळी डिझेलनेच भरलेली असते, 3 ते 8 बार दाबाने. तिथे सर्वांत आधी गळतो तो वरच्या झाकणातला थ्रॉटलचा दांडा. ‘दुरुस्त केला तरी पुन्हा गळतो’ हे दुसरे कारण मुख्यतः इथून जन्माला आले आहे, आणि या जागेपुरते ते खरे आहे. थ्रॉटलची परतीची स्प्रिंग दांडा कायम एका बाजूला ओढते. झाकण ॲल्युमिनियमचे, दांडा पोलादी. वर्षानुवर्षे ओढ एकाच दिशेला, त्यामुळे भोक लंबगोल होते. नवी ओ-रिंग त्या लंबगोल भोकात काही आठवडे तग धरते आणि पुन्हा गळू लागते. यात दोष दुरुस्तीच्या कल्पनेचा नाही. अर्धवट दुरुस्तीचा आहे. भोक मोठे करून बुश ठोकायचा किंवा फक्त झाकण नवे आणायचे, मग ओ-रिंग टिकते. दांडा काढण्यापूर्वी लिव्हर त्याच्या खाचांवर कितव्या दात्यावर आहे त्याची खूण करायची. एक दात चुकला तरी इंजिनाची आयडल आणि कमाल गती दोन्ही हलतात. फुल-लोडच्या स्क्रूला हात लावायचा नाही. याच पंपाच्या मागच्या हेडची मोठी ओ-रिंग गळत असेल तर काम जोखमीचे आहे: चार बोल्ट सोडून हेड मागे ओढले की आतल्या स्प्रिंगा आणि शिम जागा सोडतात. ते काम टेबलावर, पंप उतरवूनच करावे.

आतापर्यंतच्या गळत्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. खरी काळजी न दिसणाऱ्या दोन गळत्यांची करायला हवी, आणि ‘बदलून टाका’ म्हणणारे नेमके त्यांच्याबद्दल गप्प असतात. पहिली गळती इंजिन ऑइलमध्ये होते. व्हीई पंपाच्या ड्राइव्ह शाफ्टचे सील गेले, किंवा इंजिन ऑइलचेच वंगण मिळणाऱ्या इनलाइन पंपात एलिमेंट झिजले, की डिझेल बाहेर न येता ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ‘ऑइल खात नाही’ म्हणून मालक खूश असतो, आणि खाली बेअरिंगांना पातळ झालेले, धरून न राहणारे ऑइल मिळत असते. ऑइलला डिझेलचा वास येतो. कागदावर टाकलेला थेंब लवकर पसरतो आणि कडेला फिकट वर्तुळ सोडतो. ही खूण दिसली की इंजिन त्याच दिवशी थांबवावे. पातळी फार चढली तर तेच ऑइल ब्रीदरमधून सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंजिन बेलगाम होऊ शकते. बाहेरून कोरडा, देखणा पंप असा आतून घातक असतो, आणि बाहेरून ओला पंप पुष्कळदा आतून ठणठणीत असतो.

दुसरी न दिसणारी गळती सक्शनच्या बाजूची. टाकी पंपापेक्षा खाली असेल तर फिडपंप डिझेल ओढून आणतो, आणि त्या वाटेवर सैल सांधा असेल तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन रात्रभर उभे राहिले की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. मग एअर काढली की दिवसभर चालते. या तक्रारीवरही पंप बदलले जातात. फिडपंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडून पाहिली तर बुडबुडे दिसतात आणि खर्च एका क्लिपवर किंवा वॉशरवर भागतो.

तिसरे कारण डिझेलचे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आले आणि गंधकाचे प्रमाण बीएस-4च्या 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर उतरले. गंधक काढताना होणाऱ्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक निसरडेपणा घटतो हे खरे; म्हणूनच तो राखणारी द्रव्ये रिफायनरीतच मिसळली जातात आणि घर्षणचाचणीतला झिजेचा डाग 460 मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा, अशी अटच प्रमाणात आहे. म्हणजे एलिमेंट झिजवल्याचा आरोप प्रमाणित डिझेलवर टिकत नाही. रबराचे मात्र वेगळे आहे. जुन्या पंपांतली नायट्राइल रबराची सीले जास्त ॲरोमॅटिक घटकांच्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे किंचित फुगून बसलेली असतात. डिझेलची घडण बदलली की ती आकसतात, आणि म्हातारे, कडक झालेले रबर पुन्हा जागा धरत नाही. हे भाकीत नव्हे, घडून गेलेली गोष्ट आहे. अमेरिकेत 1993च्या ऑक्टोबरमध्ये कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले. कॅलिफोर्नियाने ॲरोमॅटिक घटकांवरही मर्यादा घातली, आणि जुन्या गाड्यांचे पंप गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. इलाज निघाला तो सीले बदलण्याचा. इंधनबदलाला दाद न देणारी फ्लुओरोरबराची, बाजारात व्हायटन म्हणून मिळणारी ओ-रिंग पालघरच्या पंपालाही तेवढीच लागू पडते. डिझेल दोषी आहे असे मानले तरी शिक्षा रबरालाच व्हायला हवी. भेसळीचे इंधन हा वेगळा विषय. त्याने सील आणि एलिमेंट दोन्ही जातात, आणि तसे इंधन चालू ठेवले तर नवा पंपही तितक्याच वेगाने जातो.

चौथे कारण वेळेचे, आणि ते सगळ्यांत प्रामाणिक आहे. पापलेटचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. बोट धक्क्याला लागून राहिली तर नाखवा, तांडेल आणि खलाशी सगळ्यांचे पोट अडते. त्या घाईला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण याच समुद्राने वर्षातले दोन महिने मोकळे दिलेले आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पंप उतरवून डिझेल लॅबमध्ये टेस्ट बेंचवर चढवायचा काळ तो. प्रत्यक्षात त्या काळात जाळी विणली जातात, लाकडाला रंग लागतो आणि इंजिन तसेच उभे राहते. अर्धी रिकामी टाकी पावसाळी हवेतला ओलावा धरते, पाणी तळाशी बसते आणि तिथून एलिमेंटपर्यंत पोचून गंज चढवते. सीले कोरडी पडून आकसतात. मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन सुरू करताना पंप गळतो, आणि ‘आता वेळ नाही’ हे वाक्य खरे ठरते. बोट ओढण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरणे, वॉटर सेपरेटर उपसणे, नवा फिल्टर लावून थोडा वेळ इंजिन चालवणे आणि पंप सुका न ठेवणे, एवढ्याने ऑगस्टातल्या बऱ्याच गळत्या होणारच नाहीत.

कारखान्यांतल्या जनरेटरचा प्रश्न हाच आहे, फक्त तिथे इंजिन उभे राहते ते नियमाने नव्हे, वापर नसल्याने. वीज नियमित असली की स्टँडबाय जनरेटर महिनोन्‌महिने चालत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले. अशा केंद्रात बाहेरची वीज गेली तर भार घ्यायला आणीबाणीचे डिझेल जनरेटर असतात आणि ते ठरावीक काळाने चालवून पाहणे हा सुरक्षेचा नियम असतो. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत त्याच शिस्तीचा लहानसा अंश आणणे अवघड नाही. ठरल्या दिवशी, लोडवर, इंजिन गरम होईपर्यंत चालवले तर सीले भिजलेली राहतात आणि गळती थेंबाच्या अवस्थेतच सापडते.

‘दुसरा पंप चढवा’ या सल्ल्यातला पंप क्वचितच कोरा असतो, हे इथे सांगितले पाहिजे. बहुतेकदा तो दुसऱ्या इंजिनावरून उतरवलेला असतो आणि बोल्टची भोके जुळली की चालेल असे समजले जाते. पंपाच्या पाटीवरचा क्रमांक असतो तो याच कारणासाठी. दिसायला सारख्या दोन पंपांत प्लंजरचा व्यास, कॅमची उंची आणि गव्हर्नरची स्प्रिंग वेगळी असू शकते. 50 हर्ट्झची वीज देणारा चार पोलांचा जनरेटर मिनिटाला 1500 फेऱ्यांवर स्थिर राहायला हवा. ट्रकचा गव्हर्नर त्यासाठी बनलेलाच नाही, आणि तो चढवला की फेऱ्या वर-खाली होत राहतात, जोडलेल्या मोटरींना त्याचा मार बसतो. बोटीचे इंजिन तासन्‌तास भरल्या लोडवर चालते. ट्रकच्या मापाने इंधन दिले तर काळा धूर, तापलेले इंजिन आणि वाढलेले डिझेल असा तिहेरी भुर्दंड पडतो. स्वतःच्या मापाचा, सीले बदललेला जुना पंप या परक्या पंपापेक्षा निःसंशय चांगला.

या सल्ल्याच्या बरोबर उलट टोकाला दुसरा एक पंथ आहे: थोडे गळतेय, गळू दे. त्याचा प्रतिवाद आकड्यानेच होतो. एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला 180 मिलिलिटर आणि इंजिन चोवीस तास चालले तर 4.3 लिटर. ते डिझेल बोटीच्या तळात पाण्यावर तरंगते, पाणी उपसणाऱ्या पंपाने समुद्रात जाते किंवा गरम एक्झॉस्टजवळ साचते. या पंथाचे साहित्य म्हणजे एमसील, टेफ्लॉन टेप आणि शेलॅक. एमसील कोरड्या पृष्ठभागासाठी आहे. डिझेल सुटत असलेल्या धातूवर ते धरत नाही, आणि धरले तरी पुढच्या वेळी सांधा उघडताना तासून काढावे लागते व त्याचा चुरा आत जातो. टेफ्लॉनचे धागे सुटून व्हॉल्व्हखाली आणि नोजलमध्ये पोचतात. शेलॅक डिझेलच्या सांध्यावर भरवशाचे नाही. पंपाच्या कुठल्याही सांध्याला गळती थांबवण्यासाठी लेप लागत नाही. लागतो तो योग्य मापाचा वॉशर, स्वच्छ बैठक आणि ठरलेला टॉर्क. तांब्याचा जुना वॉशर अडचणीत लाल तापवून, पाण्यात विझवून मऊ करून पुन्हा वापरता येतो. समुद्रात तो उपाय कामाचा आहे, किनाऱ्यावर नवा वॉशर असताना नाही.

पंप खरोखर बदलावा असे प्रसंग आहेत, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. बॉडीला तडा गेला असेल, पाण्याने एलिमेंट आणि कॅम दोन्ही गंजले असतील, एलिमेंटवर ओरखडे उमटले असतील आणि त्या क्रमांकाचे सुटे भाग मिळत नसतील, तर दुरुस्तीवर पैसे घालणे व्यर्थ आहे. पण हे ठरवायचे टेस्ट बेंचवर, डोळ्यांनी नव्हे. तिथे डिझेलऐवजी ठरावीक चिकटपणाचे कॅलिब्रेशन ऑइल, आयएसओ 4113 प्रमाणाचे, ठरावीक तापमानाला वापरतात, आणि प्रत्येक सिलिंडरने ठरावीक स्ट्रोकांत किती ऑइल दिले ते काचेच्या नळ्यांत मोजतात. सेल्फच्या गतीवर पुरेसे इंधन मिळत नसेल, सिलिंडरांत मेळ बसतच नसेल, तर एलिमेंट झिजले. एलिमेंटही सुटे मिळते आणि बदलता येते. त्यानंतर कॅलिब्रेशन अटळ असते.

सगळ्या इंजेक्टरांसाठी एकाच नळीत दाब साठवणाऱ्या कॉमन रेलचे गणित सर्वस्वी वेगळे. 1997 साली कारमध्ये आलेल्या या पद्धतीत दाब 1350 बारपासून सुरू झाला आणि पुढे 2000च्या वर गेला. 1 जुलै 2023 पासून नव्या जनरेटरना लागू झालेल्या प्रदूषण-नियंत्रणाच्या चौथ्या टप्प्याच्या नियमांनंतर बोईसरच्या कारखान्यांतही अशी इंजिने वाढत आहेत. मिस मारणारा सिलिंडर शोधायला पाइपाचा नट सैल करण्याची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. या पंपाने आतून धातूची भुकटी सोडली असेल तर पंपाबरोबर रेल, इंजेक्टर आणि पाइपही बदलावे लागतात, टाकी धुवावी लागते. ‘बदलून टाका’ हा सल्ला इथे योग्य आहे. तो या पंपावरून शिकून जुन्या इनलाइन पंपाला लावणे अयोग्य आहे.

दुरुस्तीनंतरचे काम दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे. पंप उतरवला असेल तर गियरवरच्या आणि फ्लँजवरच्या खुणा जुळवूनच बसवायचा. खुणा नसतील तर पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, तिथे वाकडी नळी लावून, डिझेलची धार थांबण्याच्या क्षणावरून स्पिल टायमिंग घ्यायचे. आधी फिल्टरची, मग पंपाची आणि शेवटी इंजेक्टरकडच्या पाइपांची, या क्रमाने एअर काढायची. ऑइलमध्ये डिझेल उतरले असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही त्याच वेळी बदलायचे. इंजिन गरम झाल्यावर पंप पुन्हा कोरडा पुसून पावडर भुरभुरायची आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना आणखी एकदा पाहायचे, कारण काही सांधे फक्त थंडीत आकसल्यावर गळतात. बेंचवर नेलेल्या पंपाबरोबर लॅबने मोजमापांचा तक्ता द्यायला हवा: पंपाचा क्रमांक, प्रत्येक सिलिंडरचे प्रमाण दुरुस्तीपूर्वी आणि नंतर, गव्हर्नर किती फेऱ्यांवर इंधन कापतो, आणि कोणते भाग नवे घातले. ग्राहकाने तो मागून घ्यावा आणि इंजिनाच्या वहीत लावावा. पुढच्या गळतीच्या वेळी पंप झिजला की नुसते रबर गेले हे त्या तक्त्याशी ताडून पाहता येते.